शून्य मार्कअप आणि बाकीचे आकडे

पॅरिसमधल्या एखाद्या हॉटेलात दोनशे युरोंचे बिल झाले आणि आपण मुंबईतल्या बँकेचे नेहमीचे क्रेडिट कार्ड पुढे केले, की त्या एका टॅपमागे तीन हिशेब सुरू होतात. पहिला व्हिसा किंवा मास्टरकार्डचा, म्हणजे कार्डाच्या नेटवर्कचा. ते युरोचे रुपये करतात. दुसरा आपल्या बँकेचा. ती त्या रुपयांवर मार्कअप, म्हणजे स्वतःचे टक्केवारीतले शुल्क, लावते. तिसरा सरकारचा. ते मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी घेते. समजा त्या दिवशी नेटवर्कचा दर एका युरोला १०० रुपये आहे (हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडा घेतला). म्हणजे बिल २०,००० रुपये. साडेतीन टक्के मार्कअपचे ७००, त्यावर जीएसटी १२६. स्टेटमेंटवर उमटतात २०,८२६.

कार्डाच्या माहितीपत्रकात आपण ३.५ वाचतो, पण खिशातून जातात ४.१३ टक्के. चौघांच्या कुटुंबाने पंधरवड्याच्या सहलीत कार्डावर तीन लाख खर्च केले, तर १२,३९० रुपये फक्त या वाटेने गेले. टूर ठरवताना दोन कंपन्यांच्या कोटेशनमधला पाच हजारांचा फरक ज्या घरात आठवडाभर चर्चिला जातो, त्याच घरातून हे बारा हजार कुणाला पत्ता न लागता जातात. कारण त्यांची पावती वेगळी येत नाही. काही बँका मार्कअप निराळ्या ओळीत दाखवतात, काही तो दरातच मिसळून टाकतात, आणि जीएसटीची छोटीशी ओळ महिनाअखेरच्या गर्दीत दिसेनाशी होते.

यातला नेटवर्कचा दर हा सगळ्यात कमी बदनाम आणि खरोखर बराचसा प्रामाणिक भाग. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघेही आपले रोजचे दर संकेतस्थळावर जाहीर करतात. तारीख, रक्कम आणि दोन चलने टाकली की आकडा समोर येतो. बाजारातल्या घाऊक दरापेक्षा तो किंचितच महाग असतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: व्यवहार आपण ज्या दिवशी केला त्या दिवसाचा दर लागेलच असे नाही, तो बहुधा नेटवर्ककडे प्रक्रियेला गेला त्या दिवसाचा लागतो. शुक्रवारी रात्री जेवण झाले आणि नोंद सोमवारी पोचली, तर दर सोमवारचा. परतावा मिळाला तरी हाच नियम. त्यामुळे रद्द केलेल्या बुकिंगचे तितकेच युरो परत आले, तरी तितकेच रुपये परत येतील याची खात्री नसते. मार्कअपही परत मिळेलच असे नाही.

तेव्हा घासाघीस करण्यासारखी जागा उरते ती मार्कअपची. मुंबईत मिळणाऱ्या कार्डांचे या बाबतीत ढोबळ तीन थर आहेत. पगाराच्या खात्याबरोबर मिळालेली किंवा फोनवरच्या आग्रहाला बळी पडून घेतलेली बहुतेक क्रेडिट कार्डे साडेतीन टक्क्यांची. डेबिट कार्डेही बहुधा याच थरात. दुसरा थर प्रीमियम कार्डांचा, त्यांचा मार्कअप दोन टक्क्यांच्या आसपास. जीएसटी धरून २.३६. तिसरा थर शून्य मार्कअपचा. त्यात काही बँकांची स्वतःची कार्डे आहेत आणि काही ॲपवाल्या कंपन्यांनी बँकेच्या पाठबळावर काढलेली. यातली काही लाइफटाइम फ्री असतात, काहींना वार्षिक शुल्क असते.

वार्षिक शुल्क दिसले की कार्ड लगेच बाजूला सारायचे नाही, भागाकार करायचा. समजा शून्य मार्कअपच्या कार्डाचे शुल्क ३,००० रुपये, जीएसटी धरून ३,५४०. आपल्याकडचे जुने कार्ड ४.१३ टक्के घेत असेल, तर ३,५४० भागिले ०.०४१३ म्हणजे सुमारे ८५,७०० रुपये. वर्षभरात परकीय चलनात याहून जास्त खर्च होणार असेल तर नवे कार्ड फायद्याचे. जुने कार्ड २.३६ टक्क्यांचे असेल तर हीच सीमा दीड लाखावर जाते. दर दोन-तीन वर्षांनी एकदा जाणाऱ्या घराने शुल्काच्या कार्डात पडू नये. सहल एका वर्षी होते, शुल्क मात्र दरवर्षी कापले जाते.

आता रिवॉर्ड पॉइंटांचा मोह. दोन टक्के मार्कअपचे कार्ड विकणारा सांगतो की परदेशी खर्चावर दुप्पट पॉइंट मिळतात, म्हणजे मार्कअप निघून वर फायदाच. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. पॉइंटाची किंमत ते कुठे वापरले यावर ठरते. विमान तिकिटाला किंवा हॉटेलला वापरले तर एक भाव, कॅशबॅक मागितला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि बँकेच्या कॅटलॉगमधून मिक्सर घेतला तर त्याहून खाली. शिवाय महिन्याला किती पॉइंट मिळतील यावर मर्यादा असते. ज्यांना पॉइंट हलवण्याचा, विमान कंपनीच्या कार्यक्रमात बदलण्याचा छंद आहे त्यांनी अवश्य तो हिशेब मांडावा. मुंबईत असे हौशी लोक बरेच आहेत आणि त्यांना उत्तम जमते. बाकीच्यांसाठी पॉइंट न देणारे शून्य मार्कअपचे कार्ड हे पॉइंट देणाऱ्या दोन टक्क्यांच्या कार्डापेक्षा शांत झोपेचे. न वापरलेला पॉइंट मुदत संपली की जातो, न कापलेला मार्कअप आपल्याकडेच राहतो. लाउंजमधल्या उपम्यासाठी तर कार्ड कुणी निवडूच नये.

शून्य या शब्दाचेही कायदेशीर वाचन करावे लागते. ते जाहिरातीत होत नाही. प्रत्येक क्रेडिट कार्डासोबत महत्त्वाच्या अटी आणि शर्तींचा एक दस्तऐवज असतो, बँकवाले त्याला एमआयटीसी म्हणतात. तो संकेतस्थळाच्या तळाशी सापडतो. त्यात फॉरिन करन्सी किंवा क्रॉस करन्सी मार्कअप अशी ओळ शोधायची आणि चार गोष्टी ताडून पाहायच्या. शून्य फक्त दुकानातल्या आणि ऑनलाइन खर्चाला आहे की एटीएमलाही? मार्कअप मुळात लागतच नाही, की आधी कापून पुढच्या बिलात परत देतात? परत देत असतील तर त्यावरचा जीएसटीही परत येतो का? आणि या सवलतीला तिमाहीत अमुक इतका देशातला खर्च झालाच पाहिजे अशी अट जोडली आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना सहलीहून परतल्यावर मिळते. या अटी बदलतातही. वर्षापूर्वी मित्राने सुचवलेल्या कार्डाची आजची स्थिती आजच्या दस्तऐवजातच पाहायची.

इतके सगळे नीट केले, शून्य मार्कअपचे कार्ड घेतले, आणि दुकानदाराच्या मशीनवर एक बटण चुकीचे दाबले, की सगळे मुसळ केरात. त्या बटणाचे नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी. परदेशातल्या मशीनला कार्ड लावताच ते भारतीय आहे हे कळते आणि स्क्रीनवर दोन पर्याय येतात: २०० युरो, किंवा २१,००० रुपये. अनोळखी देशात ओळखीचे रुपये पाहून जिवाला बरे वाटते. मशीन बनवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. रुपये निवडले की रूपांतर व्हिसाकडून होत नाही. दुकानदाराच्या बँकेची सेवा कंपनी आपल्या मर्जीच्या दराने ते करते आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. म्हणून काउंटरवरची मुलगी इतक्या गोड आवाजात रुपीज असे विचारते. वरच्या उदाहरणात पाच टक्के गेले. कित्येक ठिकाणी त्याहून जास्त जातात.

गोष्ट इथे संपत नाही. व्यवहार रुपयांत झाला म्हणजे आपली बँक तरी काही लावणार नाही, हा समज चुकीचा आहे. परदेशातल्या दुकानदाराकडे रुपयांत केलेल्या व्यवहारावर अनेक भारतीय बँका एक टक्का आणि वर जीएसटी घेतात. २१,००० वर ते होतात सुमारे २४८ रुपये. म्हणजे दोनशे युरोंची किंमत २१,२४८ झाली, साडेतीन टक्क्यांच्या साध्या कार्डाने युरोत दिली असती तरी २०,८२६ झाली असती. आपले शून्य मार्कअपचे कार्ड इथे काही करू शकत नाही, कारण मार्कअप लावायला परकीय चलन उरलेलेच नाही.

तेव्हा नियम एकच, आणि घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा: ज्या देशात आहोत त्या देशाच्या चलनात. मशीन आपल्या हातात मागायचे. वेटर कधी कधी आपल्या वतीने बटण दाबून मोकळा होतो. पावतीवर रुपयांतली रक्कम आणि दर छापलेला दिसला, तर दुकानातून बाहेर पडण्याआधी तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावायचा. पावतीवर ‘चलन मी स्वतः निवडले’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. त्याखाली सही करून मुंबईला आल्यावर बँकेशी भांडण्यात फार दम राहत नाही. एटीएमवर हेच जास्त फसवे असते. तिथे स्क्रीन विचारते की दिलेला दर मान्य आहे का, आणि नकाराच्या बटणावर डिक्लाइन असे लिहिलेले असते. पैसेच मिळणार नाहीत या धास्तीने माणूस होकार दाबतो. प्रत्यक्षात तो नकार फक्त रूपांतराला असतो. नोटा मिळतात, आणि दर नेटवर्कचा लागतो.

रुपयांतल्या व्यवहारावर लागणाऱ्या त्या एक टक्क्याचा दुसरा चेहरा घरबसल्या दिसतो. हॉटेल बुकिंगचे संकेतस्थळ, विमान कंपनी, एखादे सॉफ्टवेअरचे वर्गणी खाते किंमत रुपयांतच दाखवते, आपण डोंबिवलीत सोफ्यावर बसून पैसे भरतो, पण पैसे घेणारी कंपनी नोंदलेली असते आयर्लंड किंवा सिंगापूरला. बँकेच्या दृष्टीने हा परदेशी व्यापाऱ्याशी रुपयांत झालेला व्यवहार. संकेतस्थळावर चलन बदलायची सोय असेल तर ते त्या देशाच्या चलनावर आणायचे आणि शून्य मार्कअपचे कार्ड वापरायचे. म्हणजे असे कार्ड विमानात बसण्याआधी निदान दोन महिने हातात हवे. सहलीचा मोठा खर्च तर दादरला बसूनच होतो.

रोख रकमेचा हिशेब निराळा. क्रेडिट कार्डाने परदेशी एटीएममधून पैसे काढणे हा जवळपास नेहमीच तोट्याचा सौदा. २०,००० रुपयांइतके चलन काढले तर अडीच टक्के रोख-शुल्क म्हणजे ५००, त्यावर जीएसटी ९०, मार्कअप असेल तर तेच ८२६, आणि वर व्याज. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला मिळत नाही. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे व्याज त्याच दिवसापासून चढते. बहुतेक ठिकाणी रोख-शुल्काला किमान रक्कम ठरलेली असते, त्यामुळे दोन-तीन हजारांसाठी कार्ड घातले तरी पाचशे गेलेच. रोखीसाठी डेबिट कार्ड बरे. त्यातही कमी किंवा शून्य मार्कअपचे, आणि दर वेळचे एटीएम शुल्क किती ते आधी पाहून. साध्या डेबिट कार्डाला ते साधारण सव्वाशे ते दीडशे रुपये अधिक जीएसटी असते. नुसती शिल्लक पाहिली तरी काही बँका शुल्क लावतात.

त्यात तिथल्या एटीएमचे स्वतःचे शुल्क मिळवा. थायलंडमध्ये ते प्रत्येक वेळी २२० बाट आणि त्याहून वर आहे. मग रक्कम हजार बाट असो की वीस हजार. तिथे रोज थोडे थोडे काढणे म्हणजे रोज दंड भरणे. एकदाच काय ते काढायचे. जपानमध्ये रोख अजूनही लागते, आणि तिथे कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन दुकानातले एटीएम परदेशी कार्डे घेते. जर्मनीत छोट्या उपाहारगृहांत आजही रोखच मागतात. उलट स्कँडिनेव्हियात नोट पुढे केली तर दुकानदार गोंधळतो. देश पाहून रोख ठरवायची, सरसकट हजार डॉलर शिवलेल्या खिशात घालून निघण्याचे दिवस संपले.

नोटा न्यायच्याच असतील तर फोर्टमध्ये, दादरला, अंधेरीला रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले मनी चेंजर आहेत. दोघातिघांना फोन करून ‘सगळे धरून एका युरोला किती’ असा एकच प्रश्न विचारायचा आणि मग त्यातल्या एकाला दुसऱ्याचा दर सांगायचा. बहुतेक वेळा खाली येतात. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट लागते. पन्नास हजार रुपयांपर्यंत रोख देता येते, त्यापुढे खात्यातून. बहुतेक देशांसाठी एका सहलीला ३,००० डॉलरइतक्याच नोटा नेता येतात. मुंबई विमानतळाच्या टी-टू वरचा काउंटर हा विसरभोळ्यांसाठी आहे आणि त्याचा दर तसाच असतो.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायच्या प्रीपेड कार्डाबद्दल, मत द्यायचे तर जरा जपून. टूर कंपन्या ते आग्रहाने विकतात आणि ‘दर आजच लॉक’ हे वाक्य आकर्षक असते. पण त्याचा खर्च मार्कअपच्या ओळीत दिसत नाही, लोड करताना लावलेल्या दरात दिसतो. त्याच वेळी व्हिसाच्या संकेतस्थळावरचा दर पाहा आणि बँकेने सांगितलेल्या दराशी ताडा. एका डॉलरमागे दोन रुपयांचा फरक निघाला, तर तोच तुमचा मार्कअप, नाव वेगळे इतकेच. चलन बदलाच्या रकमेवर जीएसटीही आहे. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये, आणि किमान ४५. लाख ते दहा लाखांमध्ये पुढच्या रकमेच्या अर्ध्या टक्क्यावर अठरा टक्के. पूर्ण दहा लाख लोड केले तर एकूण ९९० रुपये. हे फारसे नाही.

खरा फटका चुकीच्या चलनाचा. डॉलर भरलेले कार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालवले, की डॉलरचे फ्रँक करताना पुन्हा क्रॉस करन्सी शुल्क. रुपयाचे डॉलर करताना एकदा कापले गेलेलो आपण, डॉलरचे फ्रँक करताना दुसऱ्यांदा. अनेक चलनांच्या कार्डातही युरोचे पाकीट रिकामे झाले की मशीन उरलेली रक्कम डॉलरच्या पाकिटातून ओढते आणि तेच शुल्क लागते. परतल्यावर उरलेले चलन बँक आपल्या खरेदी दराने घेते, तो विक्री दरापेक्षा खाली असतो. म्हणून फॉरेक्स कार्ड घ्यायचेच तर एकाच चलनाच्या देशासाठी, आणि अंदाजापेक्षा थोडे कमी भरून. कमी पडले तर ॲपवरून रिलोड होते.

तरीही ते ज्यांना शोभते असे लोक आहेत. ज्याला क्रेडिट कार्ड मिळत नाही तो. ज्याला क्रेडिट कार्ड हातात आले की भान राहत नाही तो. आणि पहिल्यांदा शिकायला निघालेला मुलगा किंवा मुलगी, तिथे स्थानिक बँक खाते उघडेपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी. चार वर्षे मुलुंडहून फॉरेक्स कार्डात पैसे भरत राहणारे पालक भेटतात. तिथले खाते उघडले की सरळ त्यात पाठवणे बहुतेकदा स्वस्त पडते.

इथे कराचा एक धागा आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. फॉरेक्स कार्डात भरलेले आणि डेबिट कार्डाने परदेशात खर्चलेले पैसे या मर्यादेत मोजले जातात. वर्षात एकूण दहा लाख रुपयांच्या पुढे गेले की प्रवासासारख्या कारणांसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. ही दहा लाखांची सीमा १ एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी सात लाख होती. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च मात्र यात धरत नाहीत. तो धरायचे २०२३ च्या मे महिन्यात ठरले होते, बराच गलका झाला आणि जूनअखेरीस अर्थ मंत्रालयाने ते पुढे ढकलले. टीसीएस हा खर्च नाही, तो प्राप्तिकरात वळता होतो आणि जास्त झाला तर परत मिळतो. नोकरदाराने तो आपल्या कंपनीला कळवला तर पगारातला टीडीएस तितका कमी करून घेता येतो. पण तोवर पैसे अडकतात. बहुतेक मध्यमवर्गीय सहली दहा लाखांच्या आतच असतात, तेव्हा या धाग्याने फार घाबरून जाऊ नये.

मग निवड कशी असावी? आमचे मत असे की एक शून्य मार्कअपचे क्रेडिट कार्ड सगळ्या खरेदीसाठी, एक स्वस्त डेबिट कार्ड रोखीसाठी, आणि एक दुसऱ्या बँकेचे, दुसऱ्या नेटवर्कचे कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. पहिले व्हिसा असेल तर तिसरे मास्टरकार्ड. सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांना नवे क्रेडिट कार्ड देताना नेटवर्क निवडायची मुभा द्यावी लागते. ती मागून घ्यायची. अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स मोठ्या हॉटेलांत चालतात, पण प्रागच्या एखाद्या बेकरीत ते पुढे केल्यावर मान हलते. रुपे परदेशात डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यावर चालते, तेही सर्वत्र नसते. यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान, फ्रान्स इथल्या ठरावीक ठिकाणी घेतात. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा लागतो, आणि पिन टाकण्याआधी रुपयांतली अंतिम रक्कम वाचावी लागते.

निवृत्त आईवडिलांना पगारपत्रक नसल्याने बँक क्रेडिट कार्ड नाकारते आणि मग ते न्यू जर्सीला मुलीकडे जाताना नोटाच घेऊन जातात. त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेवीवर व्याज चालू राहते, आणि ठेवीच्या मोठ्या हिश्श्याइतकी लिमिट मिळते. शून्य मार्कअपच्या काही कार्डांना असा प्रकार आहे. नसेल तर मुलाच्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे जोडकार्ड, घ्यायचे.

कार्ड हातात आले तरी ते परदेशात आपोआप चालत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू होऊन येतात; आंतरराष्ट्रीय वापर आपणच ॲपमध्ये सुरू करायचा. तिथे दुकान, ऑनलाइन, एटीएम आणि कॉन्टॅक्टलेस अशी चार वेगळी बटणे असतात, चारही स्वतंत्र. दुकान चालू, कॉन्टॅक्टलेस बंद, हे मेट्रोच्या फाटकावर, मागे रांग लागलेली असताना कळते. बटणांशेजारची मर्यादाही वाढवायची, ती कित्येकदा शून्यावर किंवा हास्यास्पद आकड्यावर असते. ऑनलाइनचे बटण खरेदीपुरतेच उघडावे, कारण बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी विचारला जात नाही.

क्रेडिट कार्डाचा पिन तयार करून मुंबईतच एकदा, टॅप न करता चिप घालून वापरून पाहावा. ओटीपी येणाऱ्या नंबरावर रोमिंग सुरू ठेवायचे. नेटसाठी तिथले ई-सिम आणि एसएमएससाठी आपले जुने सिम, ही जोडी सोयीची. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुधा पैसे पडत नाहीत. तरी आपल्या कंपनीकडून खात्री करून घ्यावी.

लंडनच्या ट्यूबमध्ये कार्ड टॅप करून जाता येते आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, पण एका कार्डावर एकच माणूस; नवरा-बायकोला दोन कार्डे हवीत. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाचे फोनमधले रूप वापरले तर यंत्रणा त्यांना दोन प्रवासी समजते आणि मर्यादेचा फायदा जातो. न्यूयॉर्कमध्ये एका कार्डावर चौघांपर्यंत टॅप करता येते. अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावर मशीन पाच आकडी झिप कोड मागते, आपला सहा आकडी पिनकोड तिथे बसत नाही; आत काउंटरवर जाऊन आधी पैसे द्यायचे. युरोपातल्या मनुष्यविरहित पंपांवर आणि तिकीट यंत्रांवर प्रीपेड फॉरेक्स कार्ड वरचेवर नाकारले जाते.

भाड्याची गाडी घेताना तर क्रेडिट कार्डच हवे, आणि तेही चालवणाऱ्याच्या नावाचे. कंपनी त्यावर अनामत अडवून ठेवते. क्रेडिट कार्डावर लिमिट अडते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर आपले खरे पैसे अडतात आणि सुटायला आठवडा-दोन आठवडे जातात. हॉटेलही असेच करते. म्हणून निघण्याआधी आधीचे बिल भरून लिमिट मोकळी करावी, गरज असेल तर तात्पुरती वाढवून घ्यावी. आणि सहलीचे बिल देय तारखेला पूर्ण भरणे शक्य नसेल, तर शून्य मार्कअपचा सगळा खटाटोप व्यर्थ. एका महिन्याच्या व्याजातच वाचवलेले गेले.

कार्ड हरवले किंवा अनोळखी व्यवहाराचा संदेश आला, तर आधी ॲपमधून कार्ड बंद करायचे, मग बँकेच्या परदेशातून लागणाऱ्या नंबरावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. तो नंबर कार्डाच्या मागे असतो, म्हणजे कार्ड हरवल्यावर तोही हरवतो. वेगळा लिहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक आपली नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर भुर्दंड शून्य. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही.

परतल्यावरची कामे थोडी. स्टेटमेंट आले की दोन-तीन मोठ्या नोंदी घेऊन व्हिसाच्या दराने गुणून पाहायचे. शून्य मार्कअपच्या कार्डावर फरक अगदी किरकोळ निघायला हवा. चार टक्के निघाला तर बँकेला लिहायचे, पाच-सहा किंवा जास्त निघाला तर बहुधा कुठेतरी रुपयांचे बटण दाबले गेले आहे. उरलेले चलन १८० दिवसांत परत द्यायचे असते, २,००० डॉलरपर्यंत पुढच्या सहलीसाठी ठेवता येते. न वापरलेल्या फॉरेक्स कार्डावर काही बँका निष्क्रियतेचे शुल्क कापतात, म्हणून थोडेच उरले असेल तर काढून घेतलेले बरे. आंतरराष्ट्रीय वापराची बटणे बंद करायची. इटलीत गाडी चालवली असेल तर एवढे लक्षात ठेवायचे की जुन्या शहरांच्या बंदी असलेल्या भागात शिरल्याचा दंड काही महिन्यांनी येतो आणि गाडी कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याचे शुल्क त्याच कार्डावर लावते. बटण बंद असेल तर ती रक्कम नाकारली जाते आणि मागणीचा ईमेल येतो. त्याच्या आधी करार काढून ठेवलेला असावा, कारण ते शुल्क किती असेल हे त्यातच लिहिलेले असते.